घरात धान्य आहे, तरी बायकांना रक्तक्षय कसा?

प्रश्न: दुष्काळी भागात पोषणाची पाहणी करायची आहे. मोजायचं नेमकं काय?

उत्तर १: कणगी नको, बाईचं ताट मोजा. १५ ते ४९ वयाच्या बाईनं मागच्या २४ तासांत काय खाल्लं ते विचारा. धान्य, डाळी, पालेभाज्या, दूध अशा १० अन्नगटांपैकी किमान ५ हवेत. १५ ग्रॅमपेक्षा कमी खाल्लेलं धरू नका. वर भुरभुरलेली कोथिंबीर म्हणजे पालेभाजी नव्हे! सणाच्या दुसऱ्या दिवशी विचारलंत तर आकडे फुगतात. आणि '१० पैकी ५' हा निर्देशांक बायकांच्या समूहासाठी आहे, एका बाईचं निदान त्यावरून करू नका.

उत्तर २: पाहणी दोनदा करा, कापणीनंतर आणि कापणीआधी. कापणीआधी साठा संपत आलेला असतो. पाऊस लांबला की पाण्याच्या फेऱ्याही लांबतात, त्या बहुधा बाईच्याच वाट्याला. म्हणून फेरीची मिनिटं आणि घरात शेवटी कोण जेवतं, हे दोन रकाने जोडा.

उत्तर ३: धान्याचा कसही पाहा. हवेतला कार्बन डायऑक्साइड ५५० पीपीएमवर (दहा लाख भागांत ५५० भाग) गेला की गहू-तांदळातलं लोह, जस्त, प्रथिनं घटतात; ज्वारी-मक्यावर हा परिणाम कमी. पाळी आणि गरोदरपणामुळे लोहाची गरज बाईला जास्त, त्यामुळे फटका तिलाच आधी.

प्रश्नकर्ता: फेरीचा रकाना सुचलाच नव्हता. जोडतो.