चॉकलेट केक मधोमध बसतोय, रविवारी वाढदिवस, मदत हवी!

टिळकवाडी_किचन: दोनदा केला, दोन्ही वेळा मधोमध खड्डा. कडा शिजतात, आत गिच्च. तीन थर कापायला गेलं की भुगा. सगळं मोजूनच घातलंय. लवकर सांगा की.

खानापूरकर: भांडं किती इंची? ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) की कुकर? अंडं आहे का? सोडा किती?

टिळकवाडी_किचन: ७ इंची खोल डबा, ओटीजी १८०, बिनअंड्याचा. मैदा २५० ग्रॅम, दही एक कप, सोडा दीड चमचा.

निपाणीकर: ओटीजी सोडा आक्का. कुकरची शिट्टी-रिंग काढून मंद आचेवर ठेवा. करंट गेला तरी अडत नाही.

खानापूरकर: कुकरात वरून आच नाही, मधला भाग आणखी उशिरा शिजतो. त्यांचं दुखणंच ते आहे.

निपाणीकर: दार उघडत असतील मधे. पहिली २० मिनिटं हात लावायचा नाही.

शहापूर_गल्ली: वर व्हिप क्रीम लावणार असाल तर पाकिटातलं २५ टक्के फॅटचं साधं क्रीम घेऊ नका, ते फेटून उभं राहत नाही. आणि पाहुण्यांना कुंदा, आपली बेळगावची मिठाई, ठेवाच.

खानापूरकर: कुंदा नंतर. आक्का, चमचा चहाचा की पोह्याचा? केक साबणासारखा लागला का?

टिळकवाडी_किचन: पोह्याचा. हो, लागला थोडा.

खानापूरकर: मग सोडाच जास्त झालाय. पीठ भराभर फुगतं, पण मैदा आत शिजून घट्ट व्हायच्या आधीच बुडबुडे फुटतात आणि मधला भाग खाली येतो. साबणाची चव उरलेल्या सोड्याची. २५० ग्रॅम मैद्याला सोडा १ टीस्पून, म्हणजे ५ मिलीचा सपाट चमचा, आणि तेवढीच बेकिंग पावडर. साखर २५०, कोको ५० ग्रॅम, तेल १२० मिली. कोको २०० मिली उकळत्या पाण्यात कालवा, रंग-वास खुलतो. कोकोवर ‘अल्कलाइज्ड’ (म्हणजे आंबटपणा घालवलेला) लिहिलं असेल तर सोड्याला लागणारा आंबटपणा फक्त दह्याचा, म्हणून दही कमी करू नका.

खोल डबा नकोच. पीठ तोलून तीन उथळ भांड्यांत, साधारण २५ मिनिटं. ओटीजीत एकच मावत असेल तर कोरडं-ओलं वेगळं ठेवा, एकेका थरापुरतं मिसळा. सोडा घातलेलं पीठ ताटकळलं की बसतं. गार झाल्यावर गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये. मग भुगा होत नाही.

निपाणीकर: थरांमध्ये गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट, लावा. डार्क चॉकलेट ४००, क्रीम २०० ग्रॅम. निम्मं-निम्मं घेतलं तर उन्हाळ्यात थर घसरतात.

टिळकवाडी_किचन: आजच एक थर करून बघते. दह्याऐवजी ताक चालतं का?

खानापूरकर: आंबट असेल तर चालतं. पाणी अर्धा कप कमी घाला.