मदत हवी आहे : जावातली कजावेन परंपरा समजून घ्यायची आहे

नमस्कार मंडळी,

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या कजावेन परंपरेबद्दल, म्हणजे इस्लाम, हिंदू-बौद्ध आणि तिथल्या जुन्या श्रद्धा एकत्र नांदणाऱ्या जावाच्या परंपरेबद्दल, वाचतेय. जितकं वाचावं तितका गुंता वाढतोय, म्हणून इथे विचारते.

१६३३ मध्ये जावातल्या माताराम राज्याच्या सुलतान आगुंगने इस्लामी चांद्र महिने स्वीकारले, पण वर्षाचा आकडा शकाचाच पुढे चालू ठेवला, १५५५. म्हणजे आपलाच शालिवाहन शक! लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन हा पाच दिवसांचा जुना आठवडाही टिकला. सात वारांशी त्याचा मेळ ३५ दिवसांनी बसतो आणि त्यावरून आजही लग्नाचे दिवस बघतात.

स्लामेतानचं, म्हणजे प्रार्थनेसह होणाऱ्या सामूहिक जेवणाच्या विधीचंही तसंच. मधोमध भाताचा उंच शंकू, भोवती शेजारपाजारचे पुरुष, दुआ अरबीत आणि आवाहन मात्र पैगंबरांबरोबर पूर्वजांना नि गावाच्या राखणदारालाही. माणूस गेल्यावर ३, ७, ४०, १०० आणि १००० व्या दिवशी हेच. याला सरसकट ‘भेसळ’ म्हणणं मला अजिबात पटत नाही.

अडलंय ते समारपाशी. छायाबाहुल्यांच्या वायांगमध्ये तो पांडवांचा सेवक, पण मुळात देव. आपल्या महाभारतात तो नाहीच. मग त्याला हिंदू धर्म येण्याआधीचा जावाचा देव मानायचं का? दुसरं, २०१७ च्या घटना न्यायालयाच्या निकालानं ओळखपत्रावर पारंपरिक श्रद्धा नोंदवायची वाट मोकळी झाली. कजावेन पाळणारे पण स्वतःला मुस्लिम म्हणवणारे लोक तिथे काय लिहितात?

योग्याकार्ता किंवा सुराकार्ताकडे राहिलेलं कुणी असेल तर प्लीज सविस्तर लिहा. मराठीत यावर काही वाचलं असेल तर तेही सांगा.