मदत हवी आहे : हॅरिसन यांच्या घरासाठी वर्गणी कशी जमवावी?

इंडियानापोलिसच्या मराठी मंडळींना, आणि अमेरिकेत इतरत्र असं काम केलेल्यांनाही विचारतेय.

इथे डेलावेअर स्ट्रीटवर २३वे राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांचं विटांचं घर आहे, १८७५ सालचं. १८८८ची निवडणूक त्यांनी देशभर न फिरता, भेटायला येणाऱ्या लोकांपुढे भाषणं करून जिंकली. १९०१ मध्ये त्यांचं निधन याच घरात झालं. आता तिथे ना-नफा संस्थेचं संग्रहालय आहे. अंगणातल्या हिरवळीवर नव्या नागरिकांचा शपथविधी होतो. माझ्या नवऱ्यानेही तिथेच शपथ घेतली, त्यामुळे हे घर मला आपलं वाटतं.

घराची देखभाल आणि मुलांसाठीचे नागरिकशास्त्राचे उपक्रम, यासाठी आपल्या लोकांकडून निधी उभा करायचा आहे. वर्गणी मंडळाच्या खात्यात घ्यावी की ज्याने त्याने थेट संस्थेला द्यावी? करसवलतीची पावती देणाऱ्याच्याच नावाने मिळावी, म्हणून मला थेट देणं बरं वाटतं. कंपनीकडून तेवढीच जोड रक्कम मिळवायचा अर्ज कुणी भरलाय का? गणपतीत आवाहन केलेलं चालेल की वेगळा कार्यक्रम ठेवावा?

मतदार नोंदणीच्या टेबलावर बसायला स्वयंसेवकही हवेत. नुसत्या पैशांपेक्षा मला त्यांची जास्त गरज वाटते. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.