टार्पन उडी मारतो आणि गळ सुटतो, मदत हवी आहे (तातडीने)

रेवदंड्याचा_पोर:
तीन शनिवार वाया गेले. मासा लागतो, रीळ कर्र करून फिरतं, शंभरेक यार्ड तंगूस ओढून नेतो, मग पाण्याबाहेर उडी, डोकं झाडतो आणि दोरी सैल. काल एका सकाळीत तीन गेले. सामान नवीन आणि चांगलं आहे, तेव्हा कृपया ‘रॉड बदला’ सांगू नका. बाबा इकडे आलेत, २८ जूनला परत जाणार. त्यांना एकदा तरी टार्पन बोटीच्या कडेला आणून दाखवायचाय. काय चुकतंय?

खाडीकाठी:
इकडे म्हणजे कुठे? बोटीतून की किनाऱ्यावरून? आमिष काय?

सुरमईवाली:
हा मासा चवीला कसा असतो? मोठ्या माशाच्या तुकड्या आधी कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवाव्यात, वास जातो.

रेवदंड्याचा_पोर:
फ्लोरिडा, ॲना मारिया बेटाच्या बाहेर. बोट भाड्याची. आमिष जिवंत चिंबोरी. ताई, खायचा प्रश्नच नाही, काटे फार आणि इथे तो सोडूनच द्यावा लागतो. मूळ प्रश्नाचं कोणी सांगेल का?

टँपाकर:
गळ कुठला, साधा की सर्कल (टोक आत वळलेला)? आणि मासा लागल्यावर झटका देता का?

रेवदंड्याचा_पोर:
साधा, इंग्रजी J च्या आकाराचा. झटका अर्थातच देतो. लहानपणापासून खाडीत गरवतोय, झटका दिल्याशिवाय गळ बसेल कसा?

टँपाकर:
मग तिथेच गोम आहे. टार्पनचं तोंड आतून हाडाचं असतं, हाताचं बोट फिरवलंत तर दगडासारखं लागेल. झटक्याने गळ त्या हाडावर घसरतो किंवा नुसतं टोक अडकतं, आणि पहिल्या उडीला निघतो. सर्कल हुक लावा, ६/० किंवा ७/० मापाचा. चिंबोरी घेतली की काहीही करू नका. रॉडचं टोक खाली ठेवून दोरी ताणली जाईपर्यंत सावकाश रीळ फिरवा, मासा वळला की गळ आपणहून जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. हात वर जाऊ द्यायचा नाही, हेच सगळ्यात अवघड.

दुसरं, उडी. पाण्यात माशाचा भार पाणी उचलतं. हवेत आला की ऐंशी-शंभर पौंडांचा हिसका दोरीवर आणि गळावर येतो. म्हणून तो वर येताना दिसला की कमरेतून पुढे वाका, हात लांब करा, रॉडचं टोक माशाकडे करा, म्हणजे दोरी ढिली पडते. तो पाण्यात पडला की लगेच परत ताण. इथे सगळे याला ‘राजाला मुजरा’ अशाच अर्थाचं काहीतरी म्हणतात. गळाजवळची पुढची दोरी ६० ते ८० पौंडी फ्लुरोकार्बनची हवी, नाहीतर कल्ल्याची कडा घासून तुटेल.

कीजमधला_फ्लायवाला:
‘झटका देऊच नका’ हे सरसकट सांगू नका. आम्ही फ्लायवर (पिसा-धाग्यांच्या नकली आमिषावर) साधाच गळ वापरतो आणि झटका देतोच, पण रॉडने नव्हे, दोरी धरलेल्या हाताने, सरळ मागे. गळाला धार असेल तर बसतो. आधी टोक नखावर टेकवून बघा, घसरलं तर तो गळ फेका.

टँपाकर:
ते फ्लायचं झालं. हे जिवंत चिंबोरी लावतायत.

खाडीकाठी:
माझ्या मते गळापेक्षा पाणी बघा. मी दोन वर्षं फ्लोरिडातच पुंटा गोर्डाला होतो. मे-जूनमध्ये अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला दुपारनंतर ओहोटी लागली की शार्लट हार्बरचं पाणी बोका ग्रँडच्या तोंडातून जोरात बाहेर पडतं आणि चिंबोऱ्या वाहत येतात. टार्पन तिथे जमतात. आपल्याकडे पेण-उरणला जिताडासुद्धा पाण्याच्या ओढीवरच मिळतो. खाऱ्या बांधाच्या उघाडीपाशी आजोबांबरोबर रात्र रात्र बसलोय, त्या चवीचा मासा पुन्हा...

रेवदंड्याचा_पोर:
मासे मिळतायत हो, सुटतायत!

निळी_लाट:
एक कळकळीची विनंती. टार्पन पन्नास वर्षंसुद्धा जगतो. तासभर दमवलात तर सोडल्यावर मुशी खाते. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) घट्ट ठेवा, लवकर आणा. तो वर येऊन हवा गिळतो आणि परत जोर धरतो, त्यामुळे मध्ये विसावा देऊ नका. आणि ४० इंचांवरचा टार्पन पाण्याबाहेर काढायला तिथे बंदी आहे, फोटोसाठीही नाही.

टँपाकर:
बरोबर. आणि बाबांचा परवाना? ६५ वर्षांवरची सूट फक्त तिथल्या रहिवाशांना आहे. गाईडच्या बोटीवर त्याचा परवाना चालतो, भाड्याच्या बोटीवर नाही. पाहुण्यांना ३ दिवसांचा १७ डॉलरला मिळतो.

रेवदंड्याचा_पोर:
परवान्याचं माहीत नव्हतं, लगेच काढतो. एक गोष्ट सांगायची राहिली. काल सुटलेल्यापैकी एका गळावर खवलं आलं होतं, जवळजवळ तळहाताएवढं, चांदीसारखं. बाबांनी ते धुऊन पाकिटात ठेवलंय.

टँपाकर:
अहो, हे आधी सांगायचं! म्हणजे तो गळ तोंडात नव्हताच, झटक्याने निसटून अंगात रुतला होता. सर्कल लावा.

रेवदंड्याचा_पोर:
शनिवारचा वृत्तांत. सर्कल ६/०, रॉड बाबांच्या हातात. चिंबोरी घेतली तेव्हा त्यांचा हात सवयीने वर जायला लागला, मी मनगट धरलं. दोरी ताणली गेली. चार उड्या मारल्या, चारही वेळा बाहत्तर वर्षांचे बाबा पुढे वाकले. पंचवीस मिनिटांत बोटीपाशी. मी गळ काढेपर्यंत बाबांनी पाण्यात हात घालून त्याच्या पाठीवरून फिरवला. मग तो गेला.

टँपाकर, मनापासून आभार. आता बाबा म्हणतात मंगळवारी पुन्हा जाऊ, आणि आमच्या दुकानात चिंबोरी संपलीय. जिवंत बोय चालेल का? गळ नाकातून ओवायचा की पाठीतून?