डोक्यावर कर्ज आणि मनात नवं काम : तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. मी डोंबिवलीची, वय 37, एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये 12 वर्षं झाली. 2023 मध्ये बाबांची बायपास झाली, पॉलिसीतून मिळाले ते मिळाले, वरच्यासाठी मी 5 लाखांचं पर्सनल लोन काढलं. 14 टक्के, 5 वर्षं, हप्ता 11,634. अजून 36 हप्ते आहेत, मुद्दल साधारण 3 लाख 40 हजार. त्याच काळात औषधं, टॅक्सी, किराणा सगळं क्रेडिट कार्डावर होत गेलं आणि आज कार्डावर 1 लाख 40 हजार आहेत. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे 4,900 व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी 882, मी भरते 7 हजार, म्हणजे मुद्दलातून कमी होतात फक्त 1,218. हे ज्या रात्री कागदावर मांडलं त्या रात्री झोप लागली नाही.

आता दुसरी बाजू. माझा भाचा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. शनिवार-रविवार मी त्याच्यासोबत बसते, त्याच्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या तुम्ही हे शिका, तुमच्यात ते आहे. तेव्हापासून डोक्यात विशेष शिक्षणाचं बी.एड. आहे, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं, दोन वर्षांचं. पण दोन वर्षं पगार नाही आणि नंतरचा पगारही आत्तापेक्षा कमीच असणार. घरी नवऱ्याला लोन माहितीये, कार्डाचं माहीत नाही. आईबाबांना तर काहीच नाही.

तुमच्यापैकी कोणी कर्ज फेडता फेडता काम बदललंय का? आधी काय केलं, नंतर काय केलं? जमलं नसेल तरी लिहा, मला तेही वाचायचंय.

चाकणहून

ताई, माझं सांगतो. ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला होतो, 9 वर्षं. बहिणीच्या लग्नाला कंपनीच्या कामगार पतसंस्थेतून 3 लाख काढलेले. व्याज बाहेरच्यापेक्षा कमी असतं, हप्ता पगारातूनच कापून जातो त्यामुळे चुकायचा प्रश्न नसतो, पण एक गोष्ट असते ती म्हणजे दोन जामीनदार. माझे दोघेही माझ्याच लाइनवरचे, रोज डबा बरोबर खायचो आम्ही. मला सोलरच्या कामात जायचं होतं, मेव्हण्याचा मित्र छतावर पॅनेल बसवायची कामं घेतो, पण मी नोकरी सोडली असती आणि पुढे हप्ता थकला असता तर संस्थेने त्या दोघांच्या पगारातून कापला असता. एकाच्या बायकोला तेव्हा सातवा महिना चालू होता. तेव्हा ठरवलं की संस्थेचं पूर्ण निल होईपर्यंत गेटच्या बाहेर पाय टाकायचा नाही.

दीड वर्ष आठवड्याची सुट्टी म्हणजे सोलर. सकाळी साताला छतावर, संध्याकाळी सहाला खाली. सुरुवातीला नुसतं स्ट्रक्चर धरायचं, बोल्ट आवळायचे, दिवसाचे 600 रुपये. मग वायरिंग, अर्थिंग, इन्व्हर्टर, नेट मीटरचे कागद असं हळूहळू शिकलो. ते 600 मी घरात आणलेच नाहीत, महिन्याच्या शेवटी थेट संस्थेत जादा भरणा. ऑफिसातल्या क्लार्कला प्रत्येक वेळी सांगायचो की मुद्दलात टाका आणि पावतीवर तसं लिहून द्या. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, 3 किलोवॉटला 78 हजारांपर्यंत सबसिडी, आणि अचानक इतकी कामं यायला लागली की मेव्हण्याचा मित्र म्हणाला आता पूर्णवेळ ये. तरी मी पाच महिने थांबलो. ज्या दिवशी नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला, मिळाला त्या दिवशी दोघा जामीनदारांना घरी जेवायला बोलावलं, राजीनामा त्याच्या दुसऱ्या दिवशी दिला.

आणि ताई, तुम्हाला 12 वर्षं झाली म्हणता, तुमची ग्रॅच्युइटी मोजलीत का? मूळ पगार गुणिले 15 भागिले 26 गुणिले वर्षं. मला ती सोडताना मिळाली, त्यातूनच हातातली मशिनं आणि शिडी घेतली.

नाशिकहून

माझं जमलं नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

2021 ला सोडली नोकरी. पोळीभाजी केंद्र काढायचं होतं, हाताला चव आहे, ऑर्डरी मिळायच्या, सगळे म्हणायचे कर कर. पर्सनल लोन चालू होतं, 2 लाख 30 हजार बाकी होते, म्हटलं धंद्यातून फिटेल. पहिले तीन महिने धंद्यात पैसे टाकायचेच असतात, काढायचे नसतात हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. चौथ्या महिन्यात हप्त्यासाठी पाटल्या गहाण टाकल्या. म्हणजे कर्जाचा हप्ता भरायला सोनेतारण कर्ज, आणि आता एकाचे दोन हप्ते झाले.

पण खरा फटका दुसरीकडे बसला. नोकरीत कंपनीचा मेडिक्लेम होता, त्यात आई पण होती. तो शेवटच्या दिवशी संपतो. मी स्वतःचा घेऊ घेऊ म्हणत राहिले आणि सोडल्यापासून सहाव्या आठवड्यात आईला दाखल करावं लागलं. 1 लाख 10 हजार बिल. दीराने दिले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आठव्या महिन्यात मी परत नोकरीला लागले, आधीपेक्षा 4 हजार कमी पगारावर.

कोणालाही घाबरवायचं नाहीये मला. एवढंच सांगते की राजीनाम्याच्या आधी स्वतःची आरोग्य पॉलिसी काढा, कारण जुन्या आजारांना वेटिंग पिरियड असतो, म्हणजे ठरावीक काळ त्यांचा खर्च मिळत नाही, तो नोकरीत असतानाच सुरू होऊ दे. आणि सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात ठेवा, घरखर्चाचे वेगळे. आता मी नोकरी करून रविवारी 40 माणसांची ऑर्डर घेते. पाटल्या मागच्या दिवाळीत सुटल्या.

तासगावहून

मी शिक्षिका होते, विनाअनुदानित शाळेत, आठ वर्षं. पगार 9 हजार, तोही दोन-दोन महिने उशिरा यायचा. असा पगार असला की बँक दारात उभं करत नाही, मग मोबाइलवरच्या अॅपकडे माणूस वळतो. पहिल्यांदा 6 हजार मागितले, हातात 3,900 आले, सात दिवसांत 6 हजार परत. ते भरायला दुसरं अॅप, त्याला तिसरं. चार महिन्यांत 48 हजारांवर गेलं. एक हप्ता चुकला आणि माझ्या फोनमधल्या सगळ्यांना मेसेज गेले, पालकांना सुद्धा. वर्गातल्या एका मुलीच्या आईने मला ते दाखवलं आणि काही न बोलता माझा हात धरला. ते आठवलं की अजून डोळे भरून येतात.

ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांनी हे वाचा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये डिजिटल कर्जांचे नियम काढलेत, त्यात अॅपने तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट बघायचे नाहीत असं आहे, पैसे कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवेत आणि सगळा खर्च आधी लिहून द्यायला हवा. वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायचे नाहीत. माझ्या अॅपमागे नोंदणीकृत संस्थाच नव्हती. भावाने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला, सायबरला तक्रार दिली, सगळे स्क्रीनशॉट ठेवले होते ते उपयोगी पडले. खरं घेतलेलं मुद्दल मात्र मी परत केलं, भावाकडून घेऊन, त्याला महिन्याला 2 हजार देत.

काम बदलायचं मी ठरवलं नव्हतं, बदलावं लागलं. संध्याकाळी टॅली आणि जीएसटीचा क्लास लावला. आता इथेच बेदाण्याच्या एका अडतीवर हिशोब बघते. सौद्याच्या दिवशी मान वर करायला वेळ नसतो, पण पगार शाळेच्या दुपटीहून जास्त आणि महिन्याच्या पाच तारखेला हातात. मुलांची आठवण येते. दोन मुलं घरी गणिताला येतात, त्यांच्याकडून पैसे घेत नाही.

हिंजवडी

थोडं वेगळं सांगतो. मी आयटीत, घराचं कर्ज आणि गाडीचं कर्ज. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, माझा हप्ता तेवढाच राहिला म्हणून मी खूश होतो. नंतर स्टेटमेंट काढलं तर मुदत कितीतरी वर्षांनी लांबलेली, रिटायरमेंटच्या पुढे. त्याच सुमारास मला रोज सकाळी वाटायला लागलं की हे काम सोडायचं, जुन्नरला घरची जमीन आहे, तिकडे जायचं. बायकोने एकच अट घातली, आधी गाडी विक, मग बोलू.

गाडी विकली, तिचं कर्ज संपलं, जो हप्ता वाचला तो दर महिन्याला घराच्या मुद्दलात टाकायला लागलो. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या व्याजाच्या गृहकर्जाला आधी फेडल्याचा दंड नसतो. चौदा महिन्यांत मुदत बऱ्यापैकी खाली आली. आणि मला जाणवलं की सकाळी पोटात जो गोळा यायचा तो गेलाय. काम तेच, मॅनेजर तोच. मला कामाचा कंटाळा नव्हता, कर्जाची भीती होती आणि ती कामाच्या नावावर जमा होत होती. मी नोकरी सोडली नाही. प्रत्येकाचं असं असेल असं नाही, ताईंचं तर नक्कीच वेगळं आहे, भाच्यासोबत बसणं ही पळवाट वाटत नाही. पण एक-दोन वर्षं कर्ज कमी करून बघा, तरीही ओढ तेवढीच राहिली तर ती खरी.

साताऱ्याहून

आमच्या ह्यांनी चार वर्षं सावकाराचं कर्ज लपवलं होतं. मला कळलं तेव्हा पैशाचं दुःख कमी झालं, लपवल्याचं जास्त. डोंबिवलीच्या ताई, नवऱ्याला कार्डाचं आजच सांगा. मी त्याच आठवड्यात गंठण मोडलं, गहाण नाही टाकलं, मोडलं, आणि मोकळे झालो. सोनं परत होतं.

सोलापूरहून

मी सहकारी बँकेत कर्ज विभागात 31 वर्षं काढली, आता निवृत्त. टेबलाच्या पलीकडून बघितलंय म्हणून लिहितो, ताई.

तुमचा सगळ्यात मोठा आधार आज तुमची सॅलरी स्लिप आहे. राजीनामा दिला की त्या दिवसापासून बँकेच्या लेखी तुम्ही वेगळ्या व्यक्ती. त्यामुळे कार्डाचे 1 लाख 40 हजार आधी हलवा. वर्षाला 42 टक्के व्याजाचं कर्ज 13-14 टक्क्यांवर नेता आलं, बँकेकडून पर्सनल लोन म्हणून किंवा ऑफिसात पतसंस्था असेल तर तिथून, तर अर्ध्याहून जास्त ओझं तिथेच कमी होतं. हे नोकरीत असतानाच होईल. मात्र नंतर कार्ड वापरायचं नाही, कारण लोन काढून कार्ड रिकामं केलं आणि वर्षभरात ते पुन्हा भरलं अशी माणसं मी खूप बघितलीत. आणि व्याज विचारताना फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) की रिड्यूसिंग (घटत्या शिलकीवर) हे विचारा. 2 लाख, 12 टक्के फ्लॅट, 3 वर्षं, हप्ता बसतो 7,556, ऐकायला स्वस्त वाटतं पण घटत्या शिलकीवर ते 21 टक्क्यांच्या वर जातं.

कोणी फोन करून म्हणेल निम्मे भरा, सेटलमेंट करून टाकू. अगदीच इलाज नसेल तरच. सिबिलच्या रिपोर्टवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, "सेटल्ड" (तडजोडीने मिटवलेलं) पडतं आणि ते वर्षानुवर्षं दिसतं, आपल्याला "क्लोज्ड" (पूर्ण फेडलेलं) हवं. हा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो बघत जा. कर्ज संपलं की नो ड्यूज आणि सही करून दिलेले कोरे चेक परत घ्या, लोक आनंदात हे विसरतात. घर तारण असेल त्यांनी मूळ कागद 30 दिवसांत मागा, उशीर झाला तर दिवसाला 5 हजार भरपाई बँकेने द्यायची असा नियम डिसेंबर 2023 पासून आहे. बँकेने तक्रार ऐकली नाही तर 30 दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

एक मनातलं सांगतो. माझ्यासमोर बसून रडणारी माणसं बहुतेक प्रामाणिकच होती. ज्यांना बुडवायचं असतं ती बँकेत येतच नाहीत. तेव्हा मान खाली घालून बसू नका.

पुन्हा डोंबिवली

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. सोलापूरच्या काकांचं वाचताना ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

आत्तापर्यंत काय झालं ते लिहिते. साताऱ्याच्या काकूंनी सांगितल्याप्रमाणे त्याच रात्री नवऱ्याला कार्डाचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला "तू एकटीने कशाला ओढलंस गं". मग आम्ही रात्री एक वाजेपर्यंत वहीत लिहीत बसलो. चाकणच्या दादांनी सांगितलेली ग्रॅच्युइटी मोजली, मूळ पगार 24 हजार, 12 वर्षांचे 1 लाख 66 हजार होतात, म्हणजे आजच्या लोनच्या जवळपास निम्मे. हे पैसे माझ्या हिशोबात कधी आलेच नव्हते. आमच्या ऑफिसात पतसंस्था नाही पण पगार ज्या बँकेत येतो तिथे कार्डाच्या रकमेसाठी अर्ज दिलाय, सव्वातेरा टक्के म्हणाले, रिड्यूसिंग का ते विचारलं, हो म्हणाले. कार्ड नवऱ्याने कपाटात वरच्या खणात ठेवलंय.

राजीनामा आत्ता नाही. आरोग्य पॉलिसी या महिन्यात. भाच्याच्या शाळेच्या बाईंशी बोलले, त्या म्हणाल्या की शनिवारी दोन तास वर्गात मदतीला ये, बाकीच्या मुलांबरोबरही तुला बसता येतंय का ते कळेल. येत्या शनिवारी पहिल्यांदा जाणार आहे. आईबाबांना रविवारी सांगणार. बाबांना काय वाटेल याचीच धास्ती आहे, कारण ऑपरेशन त्यांचं होतं. कोणी असं आपल्या आईवडलांना सांगितलं असेल तर कसं सांगितलं ते लिहाल का?