मदत हवी आहे: टेक्सासात घरच्या गॅरेजमध्ये बंदूक दुरुस्ती, एफएफएल (बंदुकांच्या धंद्याचं केंद्रीय लायसन्स) काढलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी,

ह्यूस्टनच्या पश्चिमेला, शहराच्या हद्दीबाहेर राहतो. मूळचा पिंपरीचा, टूलरूममध्ये घडलेला. इथेही तेलविहिरींची अवजारं बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये लेथ आणि मिलिंगवरच असतो. ग्रीन कार्ड आल्यावर सहकाऱ्यांबरोबर रेंजवर जायला लागलो आणि या कामाची गोडी लागली. एकाने त्याच्या आजोबांची दुनळी आणून दिली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, मुठीपाशी तडकलेला. तडा उघडून जुनं तेल काढलं, आतून पितळी पिन घातली, इपॉक्सी भरून दाबून ठेवलं. आता बोट फिरवूनही तडा कुठे होता ते कळत नाही. बंदूक हातात घेतल्यावर त्याचे डोळे भरून आले. हे काम मला मनापासून आवडतं आणि रीतसर करायचं आहे.

आता ओळखीच्या ओळखीने लोक विचारायला लागलेत, पैसे द्यायला तयार आहेत. म्हणून फुकटात काय, पैसे घेऊन काय, पुढचं एकही काम मी हातात घेतलेलं नाही. आधी लायसन्स.

घर स्वतःचं आहे, पण वसाहतीला एचओए (घरमालकांची संघटना) आहे. गॅरेजमधून हा धंदा करता येतो का? साधं डीलरचं लायसन्स पुरतं की उत्पादकाचं लागतं? तिसरी काळजी सगळ्यांत मोठी: माझा भाचा एफ-१ व्हिसावर शिकतोय, आमच्याकडेच राहतो, आणि दिवाळीला आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर येणार आहेत. त्यांच्यामुळे अर्जात किंवा नंतर काही अडचण येईल का? वकिलाकडे जाणारच आहे, पण त्याआधी स्वतः या वाटेने गेलेल्या माणसाकडून ऐकायचं आहे.

प्रतिसाद १

दादा, योग्य क्रमाने चालला आहात. मी पेनसिल्व्हेनियात घरूनच करतो. आमच्याकडे शेरीफकडून राज्याचं वेगळं लायसन्सही घ्यावं लागतं. टेक्सासात ते नाही, तेवढं तुमचं ओझं कमी.

१९६८च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये 'डीलर' या व्याख्येतच बंदुका दुरुस्त करणारा, नळ्या-दस्ते-ट्रिगर बसवून देणारा बसतो. अधूनमधून एखादी दुरुस्ती करणाऱ्याला कायद्याने वगळलंय, म्हणजे मित्राचा दस्ता सांधलात त्यात काही गैर नाही. पण धंदा म्हणून करायचं तर लायसन्स हवंच. तुम्हाला टाइप ०१, म्हणजे डीलरचं, लागेल. फी तीन वर्षांची २०० डॉलर, नूतनीकरणाला ९०. अर्ज एटीएफचा (बंदुकांवर देखरेख करणारं केंद्रीय खातं) फॉर्म ७, सोबत फोटो आणि बोटांच्या ठशांची कार्डं. अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखाला किंवा शेरीफला पाठवायची असते. पूर्ण भरलेला अर्ज पोचला की कायद्याने ६० दिवसांत निर्णय व्हायला हवा, अपुरा असेल तर तो काळ सुरूच होत नाही.

टाइप ०७, म्हणजे उत्पादक, कधी लागतो? सुटे रिसीव्हर (बंदुकीचा मुख्य सांगाडा) विकत घेऊन त्यावर बंदुका जुळवून विकायला लागलात की. गिऱ्हाइकाच्या बंदुकीला ब्लूइंग (गंज रोखणारा काळसर मुलामा) करणं, ट्रिगर बसवणं, दस्ता सांधणं यासाठी ०१ पुरे. एक मात्र लक्षात ठेवा: रायफलची नळी १६ इंचांच्या आत आणि शॉटगनची १८च्या आत कापायची नाही, गिऱ्हाईक कितीही गळ घालो. तिथे एनएफए (नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट) हा वेगळा आणि कडक कायदा लागतो.

अर्जानंतर एटीएफचा अधिकारी घरी येतो. माझ्याकडे आलेल्या बाईंनी तिजोरी पाहिली, कुलपं पाहिली, पण खरा वेळ गेला तो वहीवर. बंदूक रात्रभर तुमच्याकडे राहणार असेल तर वहीत चढवायचीच: तारीख, कुणाकडून आली, कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर, प्रकार, कॅलिबर. आलेली बंदूक लगेच पुढच्या कामाच्या दिवसाअखेर, गेलेली सात दिवसांत. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना काम करून तिथल्या तिथे परत दिली तर नोंद लागत नाही. दुरुस्त केलेली बंदूक ज्याची त्याला परत देताना फॉर्म ४४७३ही (बंदूक घेणाऱ्याने तपासणीसाठी भरायचा फॉर्म) लागत नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची म्हटली की मात्र लागतो. नवरा ठेवून गेला आणि बायको न्यायला आली, तरी लागतो. लोक इथेच अडकतात.

प्रतिसाद २

घराच्या बाबतीत थोडं. टेक्सासात कौंटीला झोनिंगचे (कुठल्या भागात घरं, कुठे धंदा हे ठरवण्याचे) अधिकार जवळजवळ नाहीतच, आणि खुद्द ह्यूस्टन शहरालाही झोनिंग नाही. त्यामुळे इतर राज्यांत घरगुती अर्ज जिथे आपटतो तो दगड तुमच्या वाटेत नाही. तुमचा दगड एचओए. एचओएचे नियम म्हणजे सरकारी कायदा नव्हे, घरमालकांमधला करार. पण लायसन्स मिळाल्यावरही ते कोर्टातून धंदा थांबवू शकतात. डीड रिस्ट्रिक्शन्सची (घराच्या वापरावरच्या या लेखी अटींची) प्रत कौंटी क्लार्ककडून काढा आणि प्रत्येक ओळ वाचा. सरसकट धंद्याला बंदी आहे, की पाटी, आवाज, गिऱ्हाइकांच्या गाड्या यांना? दुसऱ्या प्रकारात वाट निघते: अपॉइंटमेंटनेच लोक बोलवा, चाचणीचे बार रेंजवर जाऊन काढा. आणि जे ठरेल ते बोर्डाकडून लेखी घ्या, तोंडी होकारावर थांबू नका.

लायसन्स पत्त्याला बांधलेलं असतं. पुढे गाळा घेतलात तर हलायच्या तीस दिवस आधी अर्ज करावा लागतो. घराचा विमाही धंद्याला सहसा लागू होत नाही, एजंटला आधीच विचारा.

प्रतिसाद ३

भाच्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझे यजमान आणि मी दोघंही एच-१बीवर असताना हा कायदा नीट वाचला होता. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचं वैध लायसन्स असेल तर सूट आहे, पण ती सोय घरातल्या धंद्याला टेकू म्हणून वापरू नका. भाचा घरात राहतो याने तुमचा अर्ज अडायचं कारण नाही. त्याच्या हातात किल्ली किंवा तिजोरीचा आकडा असणं, ही अडचण आहे. "मामा, मी पुसून ठेवतो" म्हणाला तरी नाही म्हणा. एफ-१वर त्याला असं काम करायची परवानगी नसते, तो वेगळाच प्रश्न. त्या पोराचं शिक्षण आणि व्हिसा पणाला लागेल. आई-बाबा आले की त्यांनाही तोच नियम, आणि गॅरेजला घरातून जाणारं दार असेल तर त्याला वेगळं कुलूप.

आणखी एक, कळकळीने सांगते. भारतात जाताना कामाच्या जॅकेटचे खिसे आणि बॅगेचे कप्पे उलटे करून झाडा. खिशात राहिलेलं एक काडतूस भारतातल्या विमानतळावर सापडलं तरी आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवला जातो. आई-बाबांची बॅग तुम्ही भरणार असाल तर ती गॅरेजमध्ये ठेवूच नका.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. ताई, गॅरेजला घरातून दार आहे. आजच भाच्याशी बोललो, त्याला पटलं. कुलूप या शनिवारी बसवतो. डीड रिस्ट्रिक्शन्सची प्रत मागवली आहे.

एक राहिलं: लायसन्स येईपर्यंत हात रिकामे ठेवायचे का? एक गृहस्थ खूप जुनी, ठासणीची बंदूक घेऊन मागे लागलेत.

प्रतिसाद १

ती घेता येईल, पण आधी तपासा. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक गन कंट्रोल ॲक्टच्या दृष्टीने 'फायरआर्म' नाही, आणि नुसत्या अशा बंदुकांचं काम करणाऱ्याला एफएफएल लागत नाही. नळीवरचे छाप आणि सिरीयल नंबर यांवरून साल नक्की करा, फोटो काढून कागदावर लिहून ठेवा. साल ठरत नसेल तर बंदूक परत करा आणि लायसन्स आल्यावर बोलवा. वकिलाला एचओएची कागदपत्रं आधी दाखवा, फॉर्म ७ त्यानंतर भरा.