मदत हवी आहे: ड्रॉइंग क्लासच्या पोरांना ॲनिमॅट्रिक्स दाखवायचंय, नऊ फिल्म्समधलं काय दाखवू आणि काय वगळू?

कुंचला_सांगली

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला ड्रॉइंगचा क्लास घेते, आठवी-नववीची चौदा पोरं आहेत, बहुतेक एलिमेंटरी नाहीतर इंटरमिजिएटला बसणारी. गेल्या महिन्यात बोलता बोलता द मॅट्रिक्सचा विषय निघाला, दोघातिघांनी मोबाईलवर बघितलाय, आणि मी सांगून बसले की त्याच जगावर काढलेल्या नऊ छोट्या ॲनिमेशन फिल्म्स आहेत आणि त्यांची चित्रं एकमेकींसारखी नाहीत. तेव्हापासून रोज "मॅडम कधी दाखवताय" चालू आहे. दाखवायचंच आहे मला, पण परवा रात्री सगळं परत बघायला बसले आणि आता हात अडखळतोय, म्हणून इथं विचारतेय.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ पिक्चर १९९९ चा, त्यात माणसं ज्याला खरं जग समजतात ते यंत्रांनी उभं केलेलं संगणकातलं खोटं जग असतं, त्यालाच मॅट्रिक्स म्हणतात. दुसरा आणि तिसरा भाग २००३ मध्ये आले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ॲनिमॅट्रिक्सची डीव्हीडी आली. चार फिल्म्सच्या कथा मूळ पिक्चरचे दिग्दर्शक वाचोव्स्की यांच्या स्वतःच्या, बाकीच्या त्यांनी त्या त्या चित्रकार-दिग्दर्शकांवर सोडल्या. बरेचसे जपानी, शिनिचिरो वातानाबे, कोजी मोरिमोतो, योशिआकी कावाजिरी, ताकेशी कोइके, माहिरो माएदा, शिवाय पीटर चुंग आणि अँडी जोन्स. सगळं मिळून पावणेदोन तासांच्या आत संपतं.

माझा जीव यात का अडकलाय सांगते. माझी पोरं चित्र काढतात म्हणजे यूट्यूबवर बघून तेच डोळे, तेच टोकदार केस, तीच हनुवटी. चौदा वह्या शेजारी ठेवल्या तर कुणाची कुठली कळत नाही. आणि इथं जग एकच, पण हात बदलला की रेघ बदलते. वर्ल्ड रेकॉर्डमध्ये शंभर मीटर धावणारा डॅन आहे, त्याच्या मांड्यांचे स्नायू असे काही ओढून काढलेत की माप म्हणून बघाल तर सगळं चुकलंय, पण बघताना आपल्याच पोटरीत गोळा येतो. डिटेक्टिव्ह स्टोरी जुन्या काळ्या-पांढऱ्या हेरपटासारखी, जिथं सावली आहे तिथं नुसता काळा. आणि किड्स स्टोरीत शाळेतून पोरगा स्केटबोर्डवर पळतो तेव्हा रेघ थरथरायला लागते, चेहरा पसरतो, पेन्सिलीची खरड तशीच दिसते. मी रोज कानीकपाळी ओरडते की पहिल्या रेघा खोडू नका, त्यांच्यातच जोर असतो, आणि पोरं खोडरबरनं कागदाला भोक पाडतात. ते एक मिनिट बघितलं तर माझं वर्षभराचं बोलणं त्यांना कळेल.

पण तीच फिल्म मला नको वाटतेय. त्यात तो पोरगा शेवटी शाळेच्या छतावरून हात सोडतो, नंतर त्याचा अंत्यविधी, आणि मग तो खऱ्या जगात जागा होतो, मूळ पिक्चरचा नायक निओ समोर. मॅट्रिक्सच्या गोष्टीत त्याचा अर्थ आहे, हाच पोरगा पुढच्या पिक्चरमध्येही येतो. पण चौदा वर्षांचं मूल, त्यात मार्क कमी पडलेलं, घरी बोलणी खाल्लेलं, त्यानं "उडी मारली की सुटका" असं डोक्यात घेतलं तर? माझ्याकडं एक मुलगी आहे, दोन महिने झाले फार गप्प असते. तिच्याकडं बघून माझं धाडस होत नाही.

दुसरी अडचण सेकंड रेनेसाँ, दोन भाग. माणसानं यंत्रं बनवली, राबवली, एका रोबोनं स्वतःला भंगारात जाण्यापासून वाचवायला मालकाला मारलं, खटला झाला, दंगली झाल्या, यंत्रांनी स्वतःचं वेगळं शहर वसवलं, संयुक्त राष्ट्रांचं दार ठोठावलं तर हाकलून दिलं, मग युद्ध आणि माणसानंच आभाळ काळं करून टाकलं की यंत्रांना ऊन मिळू नये. मला विचाराल तर नऊमधलं सगळ्यात मोठं काम हेच. माणसाची चूक कुठून सुरू झाली ते इतकं सरळ मूळ पिक्चरमध्येही नाही. पण त्यात बाईसारख्या दिसणाऱ्या रोबोला भर रस्त्यात घेरून मारतात, कपडे फाडतात, ते बघताना मी पॉज केलं आणि उठून पाणी प्यायले.

तिसरं, डीव्हीडी. ही माझ्या दादाची, पुण्याला शिकायला होता तेव्हा घेतलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती चौकाजवळच्या आमच्या जुन्या घरात पाणी शिरलं तेव्हा खालच्या कप्प्यात राहिली. कव्हरचा लगदा झाला, डिस्क चिखलातून काढून मी नळाखाली धरली आणि ठेवून दिली. चालते, पण बियाँडमध्ये एका जागी अडकते. आणि नेमकी तीच मला सगळ्यात आधी दाखवायची आहे.

तर कुणी मुलांना हे दाखवलंय का, कुठल्या क्रमानं दाखवू आणि डिस्कचं काय करू, प्लीज सांगा.

मिरजेचा_षड्ज

ताई, डिस्कचं आधी सांगतो, घाबरू नका. डीव्हीडीत माहितीचा थर दोन प्लॅस्टिकच्या चकत्यांच्या मधे असतो, त्यामुळं नुसत्या पाण्यानं सहसा वाट लागत नाही, वरचा गाळ आणि चरे त्रास देतात. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, बोटाच्या पोटानं हलकं चोळा, मऊ सुती कापडानं पुसा. पुसताना मधल्या भोकापासून कडेकडं सरळ, गोल गोल फिरवू नका, गोल चरा पडला तर प्लेअरला तो सलग लागतो. कडेला थर सुटून पांढुरका डाग दिसत असेल तर मात्र धुऊ नका, पाणी आत जाईल.

क्रम म्हणाल तर डिस्कवरचा सोडा. त्यात पहिली फायनल फ्लाइट ऑफ द ओसायरिस आहे, ती खरं म्हणजे दुसऱ्या पिक्चरची पूर्वतयारी, यंत्रं झायनच्या, म्हणजे माणसांच्या शेवटच्या शहराच्या दिशेनं खोदत येतायत ही खबर पोचवणारी. पोरांनी दुसरा भाग बघितला नसेल तर डोक्यावरून जाणार. शिवाय सुरुवातीला डोळ्यावर पट्टी बांधून तलवारबाजी करताना एकमेकांचे कपडे कापत जातात, पालक विचारतील.

वाघ्या७७

मला नाही पटत एवढं गाळणं. पोरं मोबाईलवर याच्या दहापट बघतात. दाखवा सगळं आणि बोला त्यावर.

खडू_फळा

मॅडम, मी जिल्ह्यातल्याच एका हायस्कूलला शिकवतो, नववीचा वर्गशिक्षक आहे. वरच्या दादांचं एका बाबतीत बरोबर, सेकंड रेनेसाँवर बोलता येतं. पण भर रस्त्यातल्या त्या प्रसंगाला चौदा जणांसमोर मुलींना कुठं बघावं कळणार नाही, तेव्हा यंदा ती गोष्ट तुम्ही तोंडी सांगा, दोन-चार फ्रेम थांबवून दाखवा.

किड्स स्टोरी मात्र दाखवूच नका. नुसता पाठलागाचा तुकडा दाखवून बंद करायचा विचार असेल तर तोही नको, अर्धं दाखवलं की पोरं घरी जाऊन उरलेलं शोधतात, तेही एकटी. रेघेसाठीच हवं असेल तर फ्रेमचे प्रिंट काढा, चार-पाच, भिंतीला लावा, पोरांना त्यावरून काढू द्या. हलती रेघ कागदावर थांबलेली बघितली तर उलट जास्त कळेल.

आणि ती गप्प मुलगी. फिल्मचा विषय बाजूला ठेवून तिच्याशी वेगळं बोला, क्लास सुटल्यावर, रंग भरायला मदत कर म्हणून थांबवून. घरी कोण आहे, जेवण-झोप नीट आहे का, एवढं विचारलं तरी पुष्कळ. "कशाला जगायचं" असलं काही तोंडून आलं तर लगेच विचारा, आडवळणानं नको, आणि घरच्यांना त्याच दिवशी गाठा.

कुंचला_सांगली

सर, शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. काल तिला थांबवलं. दोघींनी मिळून वीस पॅलेट धुतल्या. सतराव्या-अठराव्या पॅलेटला ती बोलायला लागली. इथं लिहिणार नाही, पण संध्याकाळी तिच्या आईला भेटून आले. बरं झालं भेटले.

वाघ्यादादा, तुमचं म्हणणं चुकीचं नाही, पण मोबाईलवर बघितलेलं आणि मॅडमनी बसवून दाखवलेलं यात फरक पडतो, मॅडमनी दाखवलं की ते बरोबर असं पोरं धरून चालतात.

षड्जदादा, डिस्क धुतली. अडकायची ती जागा म्हणजे बियाँडमधलं ते हवेत गरगर फिरणारं कबुतराचं पीस. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, योको नावाची मुलगी हरवलेलं मांजर शोधत एका पडक्या घरात जाते, तिथं मॅट्रिक्समध्ये बिघाड झालाय. फुटलेली बाटली परत जुळते, आभाळात ऊन आणि घरात पाऊस, गल्लीतली पोरं वरून उड्या टाकतात आणि जमिनीला टेकायच्या आधी अधांतरी थांबतात. शेवटी माणसं येऊन सगळं बंद करतात आणि दुसऱ्या दिवशी तिथं पार्किंग. आमच्या गल्लीत पडका वाडा होता, आम्ही त्याच्या जोत्यावरून उड्या मारायचो, तिथं आता अपार्टमेंट आहे. कुणी मला मॅट्रिक्स काय आहे विचारलं तर मी ही फिल्म दाखवेन. पीस फिरलं, अडकलं नाही, पुढं गेली.

(उड्यांचं माझ्याही मनात आलं. म्हणून त्या मुलीच्या आईला ही फिल्म आधी दाखवली, ती म्हणाली दाखवा, मी पण येऊन बसते.)

तर रविवारी बियाँड, मग वर्ल्ड रेकॉर्ड, मग डिटेक्टिव्ह स्टोरी. सेकंड रेनेसाँ तोंडी. किड्स स्टोरीच्या पाच फ्रेमचे प्रिंट टाकलेत.

आता एकच राहिलं. क्लासच्या खिडक्या पश्चिमेला आहेत, प्रोजेक्टरवर काळा रंग राखाडी दिसतो, डिटेक्टिव्ह स्टोरीची सगळी मजा जाते. पडदे परवडत नाहीत. काय लावू?

मिरजेचा_षड्ज

खिडकीला दुहेरी काळं अस्तराचं कापड, कापडपेठेत मीटरवर मिळतं, चारी बाजूंनी चिकटपट्टी. वर्तमानपत्र लावू नका, ऊन आरपार येतं. आणि सकाळीच दाखवा की ताई, पश्चिमेला ऊन दुपारनंतर.

कुंचला_सांगली

सकाळी नऊ ठरवते. पोरांना ग्रुपवर टाकलं, वह्या आणा, खोडरबर घरी ठेवा.